आधी बल्ब, मग कॅसिओ

नांदेड-लातूरच्या मध्ये अहमदपूर. इथं आमचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, वडिलांपासूनचा. त्याचा इतिहास लिहायचा तर गाण्यांपेक्षा लाईटीबद्दलच जास्त लिहावं लागेल.

वडिलांनी सुरुवात केली तेव्हा बहुतेक खेड्यांत लाईटच नव्हती. आहुजाचं अ‍ॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं, कर्णा लिंबाच्या झाडाला. लग्न, सप्ताह, प्रचार, सगळं त्यावरच. आवाज कमी, पण अगदी स्वच्छ. १९६० साली वीज मंडळ झालं, पुढं गावोगाव खांब आले आणि त्यांच्यासोबत पन्नास सायकलची घरघरही आली. तिचा त्रास बेंजोवाल्यांना फार. बुलबुलतरंगाला पिकअप लावला की तारेआधी लाईनच वाजायची.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे मोठे फड स्वतःचं जनरेटर घेऊन येतात. लोकांना तो थाट वाटतो. यात्रेतल्या लाईनीवर तंबूभर दिवे आणि साउंड ओढून पाहा म्हणजे कळेल. जनरेटरवरही सुख नसतंच. स्टेजच्या दिव्यांचा डिमर फिरवला की स्पीकरमध्ये गांधीलमाशी शिरल्यासारखी भुणभुण सुरू होते. म्हणून जाणता माणूस लाईट आणि साउंड कधी एका फेजवर घेत नाही.

खरे हाल झाले ते भारनियमनाच्या काळात, २००५च्या पुढं. तोवर ऑर्केस्ट्रात कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले होते, दोन्ही नाजूक. थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी ऑटोस्विचवर एकदम उठायच्या आणि २३०ची लाईन दीडशेवर बसायची. त्याहून वाईट म्हणजे डीपीवर न्यूट्रल तुटणं. मग दोन फेजच्या मध्ये सापडलेल्या एखाद्या घरात चारशेच्या आसपास व्होल्टेज जातं. रिलेचा स्टॅबिलायझर तिथं काही कामाचा नाही. एरवीही तो खटखट करत टप्पे बदलतो आणि ती खटखट गाण्यात ऐकू येते. आमचा उपाय स्वस्तातला होता: दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून आधी लाईनीला लावायचे. मिणमिणले तर ठीक. लख्ख पेटले तर कॅसिओ पेटीतच ठेवायचा.

राहिलं अर्थिंग. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, गजाला सोडून देते. मीठ-कोळसा घाला, वर पाणी ओता, तेव्हा कुठं अर्थ मिळतो. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी येत होतं. त्या उन्हाळ्यात यजमानाकडं अर्थिंगसाठी घागर मागायची लाज वाटायची.

घरघर घालवायला अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकणारे पुष्कळ आहेत. घरघर जाते, खरं आहे. पण आत कुठं फेज बॉडीला लागला तर तो जायला वाट उरत नाही आणि गाणाऱ्याच्या ओठाला माईकचा झटका बसतो. तेव्हा गणपतीत साउंड लावणाऱ्या पोरांनो, सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर घ्या. निम्मी घरघर तिथंच थांबेल. पिन मात्र कापू नका.