तांब्यावरील ग्राफीन : उष्णतेचे कार्य आणि मर्यादा

भूशास्त्रात सौसरचे नाव ‘सौसर समूह’ या प्राचीन खडकांमुळे रूढ झाले आहे. माती, वाळू व चुन्याचे थर उष्णता व दाब यांनी पालटून त्यांतून शिस्ट, संगमरवर व मँगनीजयुक्त गोंडाइट तयार झाले. पदार्थ न वितळताही उष्णतेने त्याचे स्फटिक मोठे होतात, हेच तत्त्व तांब्यावर ग्राफीन वाढविताना उपयोगी पडते.

ग्राफीन म्हणजे षट्कोनी जाळीत गुंफलेल्या कार्बन अणूंचा, केवळ एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो ग्रॅफाइटपासून वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांब्याच्या पातळ पत्र्यावर मोठ्या आकाराचा थर वाढविण्याची पद्धत २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातील रॉडनी रूऑफ यांच्या गटाने प्रसिद्ध केली.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. पत्रा मात्र सुमारे १००० अंशांपर्यंतच, हायड्रोजनच्या सान्निध्यात तापवितात. ठोकून कडक झालेले भांडे तांबट तापवून मऊ करतो, त्याच जातीची ही क्रिया होय. तिने पृष्ठभागावरील ऑक्साइड निघून जाते, तांब्याचे कण मोठे होतात व पत्रा गुळगुळीत होतो. नंतर सोडलेल्या मिथेनचे विघटन होऊन कार्बन पृष्ठभागावर जुळतो. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नसल्याने वाढ बहुतांशी एका थरावरच थांबते. थंड होताना तांबे आकुंचन पावते, ग्राफीन मात्र किंचित प्रसरण पावते. त्यामुळे थरावर सुरकुत्या पडतात.

असा थर तांब्याचे कायम रक्षण करतो काय? २०११ मधील प्रयोगांत हवेत २०० अंशांवर चार तासांपर्यंत तापविलेले ग्राफीनाच्छादित तांबे ऑक्सिडीकरणापासून बचावले. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निरीक्षणांत उलट चित्र दिसले. थरातील भेगा व कणसीमांतून ऑक्सिजन व ओलावा आत शिरतो आणि ग्राफीन विद्युत्‌वाहक असल्याने विद्युत्-रासायनिक क्षरण चालूच राहते. महिन्यांनंतर असे तांबे उघड्या तांब्यापेक्षाही अधिक गंजलेले आढळले.

म्हणून अल्पकालीन चाचणीवरून टिकाऊपणाचा निष्कर्ष काढता येत नाही. उष्णतेने तांब्याची पूर्वतयारी किती निर्दोष झाली आणि थरात किती कणसीमा उरल्या, यांवरच त्या आवरणाचे मोल ठरते.