शिळ्या कढीला ऊत: ‘रिपीट’ची कुळकथा

शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात. टीव्हीच्या धंद्याने मात्र त्या कढीवर बंगले बांधले. जुना भाग पुन्हा दाखवण्याची रीत अमेरिकेत रुजली, तिच्या मुळाशी ल्युसील बॉल या नटीचा हट्ट आहे.

१९५१ साली ती चाळिशीची होती. रेडिओवरच्या विनोदी मालिकेमुळे सीबीएस या प्रसारण कंपनीला ती टीव्हीवरही हवी होती. तिची अट एकच: पडद्यावरचा नवराही स्वतःचाच, म्हणजे क्यूबात जन्मलेला बँडवाला देसी अर्नाझ. हे मान्य झालं, तर जागेवरून अडलं. त्या काळी बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवत. लांबच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून फिल्म उतरवत. ती धूसर निघे. दांपत्याला हॉलिवूड सोडायचं नव्हतं आणि पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांना धूसर चित्र दाखवणं सिगारेटवाल्या प्रायोजकाला नको होतं.

तोड निघाली: सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरच चित्रण करायचं. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी आपल्या ‘देसिलू’ कंपनीकडे घेतली. एकदा दाखवलेला भाग म्हणजे रद्दी, असाच तेव्हाचा हिशेब होता.

‘आय लव्ह ल्युसी’ १५ ऑक्टोबर १९५१ला सुरू झाली. चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग पाहा. पट्ट्याचा वेग वाढतो, गुंडाळणं जमेना, तशी ल्युसी चॉकलेटं तोंडात, कपड्यांत, टोपीत कोंबते. चित्रण प्रेक्षकांसमोर व्हायचं आणि त्यांचं असं हसू पुन्हा मागता येत नाही. म्हणून तीन कॅमेरे एकदम चालत. ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाचा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड याने दिवे वर टांगून तिन्ही कॅमेऱ्यांना पुरेल असा सारखा उजेड पाडला.

पुढे ल्युसील खरोखरच गरोदर राहिली. मालिकेतलं बाळ आणि तिचं स्वतःचं, दोन्ही १९ जानेवारी १९५३लाच जन्मले. बाळंतिणीला विश्रांती हवी, म्हणून पहिल्या वर्षाचे काही भाग पुन्हा दाखवले. लोकांनी तेही आवडीने पाहिले!

रद्दीचं सोनं झालं. सीबीएसनेच त्या फिल्मांचे हक्क पुढे लाखो डॉलर मोजून विकत घेतले. ज्या आरकेओ स्टुडिओत ल्युसील एकेकाळी करारावरची नटी होती, तो १९५७ मध्ये देसिलूने घेतला. १९६२ मध्ये घटस्फोटित नवऱ्याचा हिस्साही तिने विकत घेतला. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेला देसिलूत हिरवा कंदील मिळाला, तेव्हा मालकिणीच्या खुर्चीत तीच होती.