स्कूबा डायव्हिंग करताना फुफ्फुसांचं काय होतं?

मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी गेलात की पाण्यात उतरण्यापूर्वी प्रशिक्षक एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: श्वास रोखून धरू नका. नवख्यांची भीती घालवायला असं सांगत असतील, असं अनेकांना वाटतं. खरं तर स्कूबामधली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तोंडात धरलेला रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरवतो, म्हणून खालीही छाती भरून श्वास घेता येतो. (पर्यटकांच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा गैरसमज आहे. त्यात सहसा गाळून, कोरडी करून दाबलेली साधी हवा असते.)

खरा धोका वर येताना असतो. 10 मीटरवर 5 लिटर हवा छातीत भरून ती रोखली, तर बॉइलच्या नियमानुसार पृष्ठभागावर तिला 10 लिटर जागा लागेल. एवढी जागा फुफ्फुसांत नसते. शिवाय 30 मीटरवरून 20 मीटरवर येताना हवा जेमतेम सव्वा ते दीडपट होते, पण शेवटच्या 10 मीटरमध्ये ती दुप्पट होते. त्यामुळे 'पाणी उथळ आहे, काय होणार?' हा विचारच चुकीचा. श्वास रोखून एक-दीड मीटर वर येतानाही इजा होऊ शकते.

ताण असह्य झाला की वायुकोश फाटतात. बाहेर पडलेली हवा कधी मानेच्या त्वचेखाली साठते, तर कधी छातीच्या पोकळीत शिरून फुफ्फुस दाबून टाकते. सर्वांत वाईट म्हणजे ती रक्तात शिरणं. बुडबुडे मेंदूपर्यंत गेले तर वर आल्यावर काही मिनिटांतच शुद्ध हरपते किंवा अंगाची एक बाजू लुळी पडते. अशा वेळी लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो आणि उच्चदाब कक्षात उपचार करावे लागतात.

दम्याच्या रुग्णांना म्हणूनच आधी डॉक्टरांना विचारायला सांगतात. आकुंचन पावलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकते, मग श्वास न रोखताही तोच प्रकार घडू शकतो. त्यात सिलिंडरमधल्या थंड, कोरड्या हवेनेच दम्याचा झटका येऊ शकतो. पूर्वी आपोआप फुफ्फुस फाटलेल्यांना तर बहुतेक डॉक्टर डायव्हिंगची परवानगीच देत नाहीत.

निरोगी माणसालाही खोल पाण्यात श्वास घेणं जड जातं. 30 मीटरवर हवा चौपट दाट असते. घाईघाईने धापा टाकल्या तर कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून श्वास संथ आणि खोल घ्यायचा. पाण्यात पायांतलं रक्तही छातीकडे सरकतं. क्वचित, विशेषतः उच्च रक्तदाब असलेल्यांच्या फुफ्फुसांत पाणी साचून खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

डायव्हनंतर छातीत दुखणं, धाप लागणं, आवाज बदलणं किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवलं, तर लगेच रुग्णालय गाठा आणि 'मी स्कूबा करून आलोय' हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.