श्वासाची भाषा आणि भोपाळचा निवाडा

नित्य संध्या करणाऱ्यास पूरक, कुंभक आणि रेचक या शब्दांचा अर्थ विचारण्याची गरज पडत नाही. श्वास आत घ्यावा, धरावा आणि सोडावा, इतकेच त्यात आहे. आणि तो किती घेतला, किती सोडला याचा हिशेब आजवर कोणी पुरोहिताने मागितलेला नाही. हा हिशेब मागितला तो वैद्यकाने, आणि वैद्यकाच्या मागोमाग न्यायालयाने. भोपाळ शहरात तो लाखो माणसांकडे मागितला गेला. तो कोणत्या शब्दांत मागितला गेला, ते शब्द मूळ कोठून आले आणि माणसाची धाप त्यांत कितपत मावली, याचा थोडा विचार येथे करण्याचा आमचा हेतू आहे. आम्ही वैद्य नव्हे, वकील आहो. परंतु शब्दांवरून माणसाचे नशीब ठरताना पाहणे हा आमचा रोजचाच व्यवसाय आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरत जयप्रकाशनगर, छोला आदी वस्त्यांतून रेल्वे स्थानकापर्यंत गेली. पाण्याशी तिचा त्वरित संयोग होतो; आणि मनुष्यदेहात ओलावा कोठे नाही? डोळे, घसा आणि फुप्फुसांचे अस्तर तिने प्रथम जाळले. गांधी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदने केली, तेव्हा फुप्फुसे पाण्याने भरून जड झालेली दिसली. वैद्यकात यास ‘पल्मनरी इडिमा’ म्हणतात; साध्या मराठीत सांगायचे तर माणूस कोरड्या जमिनीवर बुडाला.

छातीची परीक्षा करण्याची आजची परिभाषा फार जुनी नाही. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीस लावली, आणि तिच्यातून स्टेथॉस्कोप जन्मास आला. आत जे आवाज ऐकू आले त्यांना तो आपल्या भाषेत ‘राल’ म्हणे. परंतु सामान्य फ्रेंच माणूस या शब्दाने मरणाऱ्याची घरघर समजत असे. म्हणून रोग्याच्या खाटेपाशी लाएनेक तो शब्द टाळून ‘राँकस’ हा परका शब्द योजू लागला. रोग्याने घाबरू नये, एवढाच त्याचा हेतू होता. डॉक्टरांची भाषा रोग्यास अगम्य असते अशी तक्रार आपण नेहमी करतो. निदान या एका शब्दाच्या बाबतीत तरी ती अगम्यता दयेपोटी आलेली होती.

दुसऱ्या उपकरणाची कथा निराळी आहे. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन याने स्पायरोमीटर लोकांपुढे मांडले. पूर्ण पूरक करून नंतर पूर्ण रेचक केला असता जेवढी हवा बाहेर पडते, तिला त्याने ‘व्हायटल कपॅसिटी’ असे नाव दिले. खलाशी, शिपाई, मल्ल अशा दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून त्याने दाखवून दिले की, ही शक्ती माणसाच्या उंचीबरोबर वाढते. पण हे उपकरण विमा कंपन्यांनाही उपयोगी पडावे, हा विचार प्रारंभापासूनच त्याच्या मनात होता. म्हणजे श्वासाचे मोजमाप आणि पैशाचा हिशेब यांचे सख्य भोपाळात जुळले असे नव्हे. ते जन्मतःच होते. पुढे १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो याने एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजण्याची रीत सांगितली. त्यावरून श्वासनलिका अडलेल्या आहेत की फुप्फुसच आकसलेले आहे, हा भेद करता येऊ लागला.

फुप्फुस बिघडले की हृदयास त्याची झळ लागते. जखमा भरून कठीण झालेल्या फुप्फुसातून रक्त लोटण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्यास अधिक जोर करावा लागतो, तो थकतो आणि पाय सुजू लागतात. याला ‘कॉर पल्मोनेल’ असे लॅटिन नाव आहे. ‘कॉर’ म्हणजे हृदय. आमच्या कोकणी वाचकांना काळीज म्हणजे हृदयच. मराठीत मात्र तोच शब्द कधी यकृतास तर कधी हृदयास लागतो. एका शब्दावर दोन अवयवांचा दावा असला की कोर्टात काय गोंधळ होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९८५ च्या मार्चमध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. दावेदार सहा लाखांहून अधिक झाले. प्रत्येकाची वैद्यकीय कागदपत्रे जमवून इजेचा वर्ग ठरवायचा होता. वर्गांची नावे अशी : इजा नाही, तात्पुरती इजा, कायम इजा, तात्पुरत्या इजेमुळे तात्पुरती असमर्थता, कायम इजेमुळे तात्पुरती असमर्थता, कायम अंशतः असमर्थता, कायम पूर्ण असमर्थता. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात हे आकडे आले आहेत. एकंदर ३,५८,७१२ प्रकरणांची छाननी झाली. त्यांपैकी १,५५,२०३ जणांना ‘इजा नाही’ आणि १,७३,३८२ जणांना ‘तात्पुरती इजा’ असा शेरा मिळाला. कायम पूर्ण असमर्थ ठरले ते अवघे ४०. मृतांचा आकडा ३,८२८ हा वेगळा.

चाळीस! आम्ही हा आकडा पुनःपुन्हा वाचला. ज्या वाफेने हजारो माणसे एका रात्रीत मारली, तिच्या तडाख्यातून जगलेल्या साडेतीन लाखांवर माणसांत कायमचे पंगू झालेले केवळ चाळीस निघावेत, हे आमच्या बुद्धीस पटत नाही. अर्जदारांच्या वकिलांनीही ही छाननीच सदोष असल्याचा आक्षेप न्यायालयापुढे घेतला होता.

दोष कोठे असावा? आमच्या मते तो मोजमापाच्या मुळाशीच आहे. स्पायरोमीटरचा आकडा एकटा काही बोलत नाही. उंची, वय व लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित आकड्याशी तो ताडून पाहावा लागतो. परंतु पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची छाती १ डिसेंबरला केवढी होती, याची नोंद कोणाकडे होती? त्याची शक्ती सरासरीहून कितीतरी अधिक असेल, तर तिचा चौथा हिस्सा गमावूनही तो कागदावर ‘सर्वसाधारण’ ठरू शकतो. शिवाय बारीक श्वासनलिकांचा विकार या यंत्रावर पुष्कळ काळ उमटत नाही. आणि पहिल्या रात्री हमीदिया रुग्णालयाच्या आवारात माणसे पडली होती, तेव्हा नोंद लिहून घेण्यास सवड तरी कोणास होती? ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला इजाही नाही, असा हा न्याय झाला.

याहून शहाणी एक रीत वैद्यकापाशी होती. वेल्समधील कोळसाखाणींच्या कामगारांना तपासताना डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी धापेच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांचे प्रश्न साधे होते : सपाटीवर समवयस्कांच्या बरोबरीने चालता येते काय? चढ चढताना थांबावे लागते काय? येथे माणसाचे बोलणे हाच पुरावा. उलट आपल्या चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगताना श्रमाने लागणाऱ्या व फार पीडा न देणाऱ्या धापेला ‘क्षुद्रश्वास’ म्हटले आहे. ग्रंथकाराच्या दृष्टीने ते योग्यच. बसले की ती शमते. परंतु ज्याचे पोट श्रमावर आहे त्याने बसून कसे चालेल? ‘साँस फूलती है’ एवढेच तो सांगतो. कारकुनाच्या खोलीत, खुर्चीवर विसावल्यानंतर, तो अगदी निरोगी दिसतो.

लाखो माणसांना तपासणाऱ्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. वर्ग पाडल्याशिवाय कायद्यास भरपाई वाटता येत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु वैद्यकाचा ‘आढळले नाही’ आणि कायद्याचा ‘इजा नाही’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते कोणीतरी मोठ्याने सांगावयास हवे होते.

फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली होती. १९९१ च्या निकालाने ती कायम ठेवली; फौजदारी खटल्यांतून दिलेली मुक्तता मात्र रद्द केली आणि भोपाळात कार्बाइडच्या पैशाने रुग्णालय उभारण्यास सांगितले. ते २००० साली उघडले. जुलै २००४ मध्ये न्यायालयाने शिल्लक राहिलेले सुमारे १,५०३ कोटी रुपये दावेदारांत वाटण्याचा आदेश दिला. वाढीव भरपाईसाठी सरकारने २०१० मध्ये पुन्हा अर्ज केला, तेव्हा ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांपैकी पाच लाखांहून अधिक माणसे ‘किरकोळ इजा’ या सदरात होती. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्ज फेटाळला.