अंतुले खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग होणे : एक ऐतिहासिक अभ्यास

अमेरिकेत संघीय अधिकाऱ्यास आपल्यावरील राज्याचा फौजदारी खटला विशिष्ट परिस्थितीत संघीय न्यायालयात नेता येतो. भारतातील न्यायव्यवस्था एकसंध असल्याने येथे प्रश्न उद्भवतो तो खटला वरच्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा. या दृष्टीने माजी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्यावरील खटला अभ्यसनीय ठरतो.

सिमेंट वाटप प्रकरणातून अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला. रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध भ्रष्टाचाराची फिर्याद दाखल केली होती. आमदार हा लोकसेवक असल्याने पूर्वमंजुरी आवश्यक आहे, असे मानून विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये अंतुले यांना आरोपमुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी हा निर्णय फिरविला. पद सोडल्यावर त्या पदासाठीची मंजुरी लागत नाही, असे स्पष्ट केले आणि कोणी मागणी केलेली नसताना खटला मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला.

हेतू जलद सुनावणीचा होता. परंतु १९५२ च्या कायद्यानुसार असे खटले केवळ विशेष न्यायाधीशांनीच चालवावयाचे होते. शिवाय खटलाच उच्च न्यायालयात गेल्याने तेथे अपील करण्याचा आरोपीचा हक्क संपुष्टात आला. आरोपी सत्ताधीश होता, म्हणून ही हानी क्षुल्लक ठरत नाही. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाचा आदेश रद्द केला. अंतिम झालेला आदेश असा पुन्हा उघडता येणार नाही, हे न्या. वेंकटचलय्या यांचे भिन्नमतही तितकेच विचारार्ह आहे. जलद सुनावणीसाठी वर्ग झालेला खटला चार वर्षांनंतर पुन्हा १९५२ च्या कायद्याच्याच मार्गावर आला.