कोकेर आणि किल्लारी : जागतिक सिनेमाकडे येणाऱ्यांसाठी

या पुस्तिकेच्या वाचकाने आजवर एकही इराणी किंवा जपानी चित्रपट पाहिलेला नाही, असं धरूनच ती लिहिली आहे. लातूर-नांदेडला सिनेमाचं वेड नवं नाही. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून, रीळ तुटलं की शिट्ट्या मारणारी पिढी अजून आपल्यात आहे. बुजायला होतं ते महोत्सवाच्या रीतीने: दिवसाला चार-चार चित्रपट, कानाला अनोळखी भाषा, पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या ओळी आणि बहुधा मध्यंतरही नाही. दारात घुटमळणाऱ्याला आत बोलावणं, हे या पानांचं पहिलं काम.

आधी थोडा इतिहास. चित्रपट महोत्सवाची प्रथा व्हेनिसमध्ये १९३२ साली सुरू झाली आणि पाचच वर्षांनी प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा तिथे गौरव झाला. देहूचा वाणी परक्यांना कळला, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरला. त्यात दाखवलेल्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ची छाप पुढच्याच वर्षीच्या ‘दो बिघा जमीन’वर दिसते, रोमच्या बेकार माणसाची सायकल आपल्याकडे शेतकऱ्याची जमीन झाली. दुसरीकडे, सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये काढलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून वर्षभर सिनेमा पाहणाऱ्या मंडळांची चळवळ उभी राहिली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आलं, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये. महोत्सव ही यात्रा आणि फिल्म सोसायटी हा आठवडी बाजार म्हटला, तर दोहोंचं नातं चटकन उमगेल. यात्रेने उत्साह येतो, पण घर चालतं बाजारावर.

मराठवाड्यात हे वारं उशिरा पोचलं. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं दहावं पर्व जानेवारी २०२५ मध्ये पार पडलं. लातुरातही अभिजात फिल्म सोसायटीच्या पुढाकाराने अलीकडे पुणे महोत्सवातले चित्रपट येऊ लागले. मात्र आपण कोऱ्या पाटीने येत नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीचा ‘अँड लाइफ गोज ऑन’ घ्या. जून १९९० मध्ये उत्तर इराण भूकंपाने हादरला. कोकेर गावातल्या ज्या मुलांना घेऊन त्याने आधी एक चित्रपट केला होता, ती वाचली का हे पाहायला एक दिग्दर्शक मुलासोबत गाडीने निघतो, एवढीच गोष्ट. वाटेत भेगाळलेल्या भिंती, कडेला ढिगारे. आणि तंबूंच्या वस्तीत एक जण टीव्हीची अँटेना उभारतोय, कारण वर्ल्ड कप चालू आहे. घरची माणसं गेलेली असताना मॅच? दिग्दर्शक विचारतो. त्यावर तो माणूस खजील होत नाही की रडत नाही. काय करणार, वर्ल्ड कप चार वर्षांतून एकदाच येतो, अशा अर्थाचं सांगून कामाला लागतो.

हा चित्रपट १९९२ चा. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपाने लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरातली दगडमातीची, माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. ज्याने ती माळवदं पडलेली पाहिली, त्याला कोकेरची माती समजावून सांगावी लागत नाही. उलट पुण्या-मुंबईच्या जाणकाराच्या नजरेतून सुटेल असं काही त्यालाच दिसेल: ढिगाऱ्यातून काढलेली सतरंजी झटकणारा हात, किंवा शोक आणि संसार एकाच अंगणात कसे नांदतात ते. समीक्षेची परिभाषा नंतर शिकता येते. त्या नजरेची शिकवणी नसते.

भाषेचंही तसंच. देगलूर-बिलोलीकडच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडतात. सगळे शब्द कळले नाहीत तरी सौदा अडत नाही. अशा माणसाला फारसीचं भय कशाला? अडचण आहे ती सबटायटल्सची. ती बहुधा इंग्रजीत असतात आणि म्हणून पुष्कळ जाणते प्रेक्षक बाहेर राहतात. मराठी सबटायटल्स हे या चळवळीला आपल्या भागाचं देणं आहे, असं मी मानतो. तोवर या पुस्तिकेत प्रत्येक चित्रपटाची गोष्ट थोडक्यात दिली आहे. ती आधी वाचावी आणि मग ओळींमागे न धावता चेहरे पाहावेत.

‘संथ आहे’ ही तक्रार हमखास येईल. खरी आहे. पण आभाळाकडे पाहत महिना काढणाऱ्या मुलखाला वाट पाहणं काय ते ठाऊक आहे. पाच मिनिटं काही घडत नसेल, तर कोण कशाची वाट पाहतंय एवढंच शोधा.

शेवटची विनंती: दिवे लागण्याआधी उठू नका. कियारोस्तामीच्या त्या चित्रपटात अखेरीस गाडी नागमोडी चढावर बंद पडते. खांद्यावर सिलिंडर घेतलेला वाटसरू तिला ढकलून देतो. गाडी पुन्हा चढ चढते आणि मग त्याला आत घेते. सगळं लांबून दिसतं, चेहरा एकही दिसत नाही. मुलं सापडली का, हेही कळत नाही. चर्चेची सुरुवात तिथून करू. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बहुधा किल्लारीच्या त्या पहाटेनंतर कित्येक रात्री अंगणात झोपलेलं कुणी बसलेलं असेल. आधी त्यांना बोलू द्या.