घरच्या आजारी माणसाची सेवा शिकायची कुठं? सुरतमधल्या मराठी कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची असंख्य कुटुंबं राहतात. कमावती पिढी इथं आणि म्हातारे आई-वडील गावाकडे, असं अनेक घरांचं चित्र आहे. वडिलांना पक्षाघात झाला किंवा आईचं खुब्याचं हाड मोडलं, की भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीनं त्यांना इकडे आणलं जातं. सिव्हिल किंवा स्मीमेरमध्ये उपचार होतात, काही दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि खरी परीक्षा घरी सुरू होते. उठवायचं कसं, भरवायचं कसं, अंथरुणातच आंघोळ कशी घालायची? घरातला पुरुष लूमवर बारा तासांच्या पाळीला गेलेला असतो, त्यामुळे सगळं सुनेवर किंवा लेकीवर येतं. तिला मात्र हे कुणीच शिकवलेलं नसतं.

सेवा मनापासून केली तरी पद्धत चुकली तर रुग्णाला जखमा होतात आणि करणारीची कंबर जाते. म्हणून हे काम शिकूनच करावं. शिकायची सोय कुठं आहे, ते पाहू.

पहिली शाळा हॉस्पिटलच

डिस्चार्जचा कागद हातात पडण्याआधी नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे अर्धा तास मागून घ्या. नुसतं ऐकू नका. ‘एकदा करून दाखवा, मग मी करते, तुम्ही बघा,’ असं सांगा. गुजराती समजत नसेल तर हिंदीत समजावून मागा. परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा. एवढं तरी नक्की शिकून घ्या :

- अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणं आणि माकडहाड, टाचा, खुबा इथली कातडी रोज तपासणं. लाली दिसली आणि ती जात नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पाठीच्या जखमा तिथूनच सुरू होतात.
- बसवून भरवणं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवणं. आडवं झोपवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.
- लुळा पडलेला हात धरून न ओढता माणसाला उठवणं. हात ओढला की खांदा निखळायची भीती असते.
- नळी असेल तर तिची स्वच्छता आणि कोणत्या लक्षणांवर परत यायचं, याची यादी.

रीतसर प्रशिक्षण

घरच्यांना चार गोष्टी शिकायच्या असतील तर सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या संस्थेचं गृह-शुश्रूषेचं प्रशिक्षण असतं. यातूनच रोजगार करायचा असेल तर कौशल्य विकास योजनेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ असे अभ्यासक्रम आहेत. ज्येष्ठांची सेवा करणारे तयार करण्याचं काम केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालील राष्ट्रीय सामाजिक रक्षा संस्था करते. फी भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार आणि प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये किती दिवस काम शिकवणार, हे दोन प्रश्न विचाराच.

मराठीतून शिकायचं असेल तर

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांसाठी मराठीत माहिती आणि व्याख्यानं उपलब्ध करून देतं. मानसिक आजारांबद्दल ठाण्याच्या आयपीएच या संस्थेचे ‘आवाहन’ यूट्यूब चॅनेलवरचे मराठी कार्यक्रम सुरतमध्ये घरबसल्या पाहता येतात. स्मृतिभ्रंशासाठी १९९२ मध्ये स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी काम करते.

मूल दिव्यांग असेल तर

मतिमंदत्व असेल तर नवी मुंबईतलं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, या दोन्ही सरकारी संस्था आहेत. गुजरातमध्ये अहमदाबादला संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. तिथं जाल तेव्हा मुलाच्या तपासणीबरोबरच घरी काय करून घ्यायचं, हेही शिकवायला सांगा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ विमा १ लाखापर्यंत आहे.

कागद कोणत्या राज्यात चालतो?

दोन राज्यांत विभागलेल्या घरांची सगळ्यात जास्त धावपळ इथंच होते.

दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्यानुसार देशभर ग्राह्य आहे. नंदुरबारला काढलेलं सुरतमध्येही चालतं. मात्र राज्याची पेन्शन त्या-त्या राज्याच्या रहिवासी पुराव्यावर मिळते. म्हणून आई-वडिलांचा पत्ता घाईघाईनं बदलण्याआधी गावाकडची पेन्शन बंद होईल का, ते तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारून घ्या.

७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. कार्ड महाराष्ट्रात काढलेलं असलं तरी दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये वापरता येतं.

पोटची मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली महिना १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मागता येतो. आई-वडील गावी आणि मुलगा सुरतला असेल, तरी अर्ज गावाकडच्या जिल्ह्यात करता येतो आणि मुलगा राहतो त्या जिल्ह्यातही. महिला आणि दिव्यांगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

सेवा करणारीचं काय?

झोप उडणं, सारखी चिडचिड, ‘यापेक्षा सुटले तर बरं’ असे विचार मनात येणं, ही थकव्याची खूण आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आठवड्यातून एक दिवस दीर, नणंद किंवा मुलगा यांनी जबाबदारी घ्यायची, हे घरात बसून ठरवा. कूस बदलायला आणि भरवायला घरातल्या किमान दोघांना यायला हवं, त्यात पुरुषही आले. एकटीच्या जिवावर वर्षानुवर्षं हे काम होत नाही.

हे नंबर लिहून ठेवा

- १४५६७ : ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८
- १४४१६ : टेली-मानस, मानसिक आधारासाठी, २४ तास, भाषा निवडता येते
- १५१०० : मोफत कायदेशीर सल्ला
- १०८ : अ‍ॅम्ब्युलन्स, दोन्ही राज्यांत